होम पुरे, म्हणे!

मंगळवार, ७ मार्च

होम पुरे, म्हणे! एवढ्याशा केंद्राला प्रो कशाला हवंय!

आमच्या महिला मदत केंद्रासाठी नवे लॅपटॉप घ्यायचेत. त्यावर विंडोज कुठलं टाकायचं, होम की प्रो, ते मोठ्या बाईंनी मला विचारलं. का, तर केंद्रात कॉम्प्युटर शिकलेली मी एकटीच. आठवडाभर खपून टिपण लिहून नेलं. त्यांनी ते चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिलं! समोर भावजी बसले होते. ताईचा नवरा. दुकान त्यांचं, मशिन तेच देणार, बिघडलं तर दुरुस्तही तेच करणार. पाय हलवत म्हणाले, "फरक एवढाच, प्रो घेतलं की माणसाला साहेब झाल्यासारखं वाटतं." सगळ्या हसल्या. मोठ्या बाईसुद्धा!

फरक एवढाच नाही. आमच्याकडे बायका येतात, दार लावून घेतात, आणि घरात कुणी हात उगारला, कुणी कोंडून ठेवलं, ते सांगतात. आम्ही ते टाइप करतो. तेच लॅपटॉप घेऊन आम्ही घरभेटींना जातो. एखादा चोरीला गेला तर नुसत्या पासवर्डचा उपयोग शून्य. आतली डिस्क काढायची, दुसऱ्या मशिनला लावायची, की वाचत बसा आरामात. प्रोमध्ये अख्खी डिस्क कुलूपबंद करता येते. भावजी देताहेत त्या मशिनांवर होम टाकलं तर नाही करता येत. इतकं सरळ आहे. इतकं सरळ कळू नये?

शुक्रवार, १० मार्च

ताई-भावजी जेवायला आले होते. विषय बाबांनीच काढला. "काय गं, जावयाला धंदा शिकवतेस म्हणे?"

मी म्हटलं, धंदा नाही, ऐकून घ्यायला शिकवतेय. झालं! आईने हातातला डाव आपटला. "चार बुकं शिकलीस म्हणून तोंड वर करून बोलायचं? घरात पहिला कॉम्प्युटर कुणी आणून दिला तुला?"

हे वाक्य माझ्या डिग्रीला जन्माचं चिकटलंय. घराण्यात पहिली पदवी माझी, पण तिचं श्रेय भावजींच्या त्या डबड्याला. भावजी मोठ्या मनाने म्हणाले, "राहू द्या हो आई. मेहुणी आहे, तिने नाही भांडायचं तर कुणी?" असा संताप आला! म्हणजे रागवायची परवानगीही त्यांच्याकडूनच घ्यायची!

ताईकडे बघितलं. म्हटलं, तू तरी बोल की. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली. शाळेत माझी गणितं सोडवून देणारी माझी बहीण! भावजींपेक्षा तिचा राग जास्त आला.

सोमवार, १३ मार्च

होम. ठरलं. दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो.

बुधवार, १५ मार्च

आज करूनच दाखवलं. केंद्रातल्या बंद पडलेल्या मशिनची डिस्क काढली, बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या लॅपटॉपला जोडली. भावजींनाही मुद्दाम बोलावलं होतं – बघू दे म्हटलं डोळ्यांनी! कुठे पासवर्ड नाही, काही नाही. एक फाइल उघडली. "वाचा!" म्हटलं. पहिल्या ओळीत एका बाईचं नाव. खाली तिच्या सासऱ्याबद्दल.

मला वाटलं, पटलं! मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी स्क्रीन मिटली.

"ती बाई माझ्याशी दार लावून बोलली होती," त्या म्हणाल्या. "चोर यायचाय अजून. त्याच्या आधी तूच उघडलंस."

तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं नाव, खोटी हकीकत घालून एक फाइल बनवता आली असती. तेवढं सुचू नये? नाहीच सुचलं. मला जिंकायचं होतं ना! आज दुसऱ्या कुणावर नाही, माझ्यावरच राग आहे. आणि भावजींवर. स्क्रीन मिटेपर्यंत वाचत होते ते.

गुरुवार, १६ मार्च

डिस्क परत त्या बंद मशिनमध्ये बसवली. मशिन कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोमवार, २० मार्च

प्रो! मोठ्या बाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुझं बरोबर होतं. दाखवायची रीत चुकली."

आनंद व्हायला हवा होता. पण भावजींनी सगळी मशिनं दुकानातच तयार करून आणली, डिस्कला कुलूपही घालून आणलं. आणि पासवर्ड अडला तर कुलूप ज्याने उघडतं तो लांबलचक आकडा? प्रत्येक मशिनचा आकडा त्यांच्या मोबाइलमध्ये! मी म्हटलं, हे आकडे केंद्राकडेच हवेत, बाहेर कुणाकडे नकोत. "तुम्हा बायकांकडून हरवतील," म्हणाले. "मग पळत माझ्याकडेच याल."

मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, तुझेच भावजी ना? परके थोडेच आहेत?"

म्हणजे चोरापासून कुलूप, आणि घरच्या माणसाला मोकळं रान! बोलणार होते हे. ओठावर आलं होतं. पण बुधवारची ती फाइल आठवली आणि जीभ रेटेना. कुठल्या तोंडाने सांगणार होते मी? घरी येऊन आईवर उगाच ओरडले.

गुरुवार, २३ मार्च

दुपारी ताई केंद्रात आली. वाटलं, आईने काही निरोप धाडला असेल. तिने दार लावून घेतलं. माझ्या शेजारी नाही बसली, समोर बसली – बायका बसतात त्या खुर्चीत. हाताने सवयीने लॅपटॉप पुढे ओढला.

"त्यात नको लिहूस," ती म्हणाली. "ते वाचतील."