वॉलनट रिजचा रस्ता

४ ऑगस्ट १८३४, सोमवार
आयरा राज्याच्या विधानसभेवर निवडून आला! आम्हा बायकांना मत नाही, पण खिडकीशी उभं राहायला कोण अडवतंय? एकेक जण टेबलापाशी जाऊन आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेत होता. आमचे अमोस तर असे गरजले की दाराशी बांधलेला घोडा बिचकला.

दोन हिवाळे आयरा आमच्याच चुलीपाशी बसून खोगिरं शिवतोय. मी केलेली मक्याची भाकरी खातो, रात्री कायद्याचं पुस्तक वाचतो. धाकटा दीरच म्हणायचा! आज म्हणाला, "वहिनी, टपालगाडीचा रस्ता आपल्याच वॉलनट रिजच्या टेकडीवरून नेणार. लिडियाला रोज गाडीची घंटा ऐकू येईल बघा." मी एप्रनमध्ये तोंड खुपसून रडले. माझी पोर टेकडीवर ओकच्या झाडाखाली मातीत निजली आहे. रस्ता आला तर गाव टिकेल. गाव टिकलं तर मी तिच्याजवळ राहीन. मला दुसरं काही नको.

२३ नोव्हेंबर
आयरा राजधानीला गेला. अंगात अमोसचा कोट. बटणं मी लावून दिली.

१९ फेब्रुवारी १८३५
रस्ता खाली बेंडवरून, नदीच्या वळणावरून जाणार! नदीकाठच्या त्या चिखलातून! टपालवाल्याने सांगितलं, आयरानेच सभेत उभं राहून होकार दिला. माझा विश्वासच बसेना. दोनदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी कानांनी ऐकलं."

अमोस नुसते म्हणाले, "राजकारणी माणूस, दुसरं काय करणार!" आणि लाकडं फोडायला गेले.

६ मार्च
आला! काहीच झालं नाही अशा तोंडाने दारात उभा. त्याची आरी, दाभण, मेणाचा दोरा, सगळं मी चिखलात फेकलं. म्हटलं, "माझ्या घरचं खाऊन माझ्याच पोरीला एकटं टाकलंस! केसाने गळा कापलास मेल्या!"

तो गुडघे टेकून एकेक वस्तू उचलत राहिला. म्हणाला, "बोला वहिनी. मनात ठेवू नका." एवढंच! निर्लज्ज! बेंडचे लोक म्हणतात हा एक दिवस मोठा माणूस होणार. होईल. असलेच होतात.

शेजारची पॉली मला आत ओढत म्हणाली, "जाऊ दे गं डॉर्कस, किती तोडून बोलशील त्याला." हिला त्याचा पुळका कशाला?

१२ एप्रिल
घरं निघाली. ओंडक्यांवर कोळशाने खुणा करायच्या, भिंती उतरवायच्या, बैलांच्या घसरगाडीवर लादून बेंडला न्यायच्या. दुकान गेलं. पॉलीचं घर गेलं. तिथे नुसतं चौकोनी पिवळं गवत उरलंय.

मी अमोसना म्हटलं, मी हलणार नाही. ते म्हणाले, "गिरणी नाही, दुकान नाही, माणूस नाही. लांडग्यांच्या सोबतीने राहणार आहेस का?" रात्रभर आयराला शिव्या घातल्या.

३ मे
लिडियाला सांगून आले. काय सांगितलं ते इथे लिहवत नाही.

५ मे, बेंड
भिंती अजून यायच्यात, पण आमच्या जागेवर धुराडं उभं आहे. चूल, दगड, सगळं. म्हटलं, वा, केव्हा बांधलंत? हात फिरवला. माती बर्फापावसाने धुपलेली, फटींतून मागच्या वर्षीचं गवत वाळून लोंबतंय. हे या वसंतातलं काम नाही. हिवाळ्याआधीचं आहे. आयरा राजधानीला जायच्याही आधीचं!

अमोस बैलांकडे बघत म्हणाले, "मीच सांगितलं आयराला, रस्ता इथून ने म्हणून. आम्हा सगळ्यांनाच इथे नदीकाठी यायचं होतं. तू पोरीला सोडून हलली नसतीस. गावच उठलं तरच निघणार होतीस."

"आणि आयरा?"

"तो नाही म्हणत होता. त्याला म्हटलं, डॉर्कस माझ्यावर उलटली तर माझा संसार मोडेल. शिव्या तू खा. शेवटी म्हणाला, खाईन, मला सवय करायलाच हवी."

पॉलीला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मी चूल पेटवली. रांधलं. त्यांना वाढलं. आयराला तर मी घराबाहेर काढलं. ह्यांना कुठे काढू?