क्षमा दिली, तक्रार तशीच

माधवनगर, २५ ऑगस्ट २०२५

चि. धन्यकुमार यास अ. उ. आ. व जयजिनेंद्र. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. मोडला तो डावा हात, लिहिता शाबूत आहे.

शुक्रवारी सकाळी नेहमीसारखी अनवाणी दर्शनाला निघाले होते. मंदिरासमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर अर्ध्यात आले, तोच एक गाडी हॉर्न वाजवत अंगावर आली. मी पडले. गाडीवाल्याने काच खाली करून, म्हातारे, बगून चालाय येत न्हाई व्हय, असं विचारलं. मग तोंड पाहिलं आणि वरमला. आपला सन्मती, तुझ्या लेकीचा, ब्राह्मीचा होणारा सासरा. त्याच्या गाडीत न बसता मी रिक्षाने दवाखाना गाठला, आणि तिथून पोलीस ठाणं. तक्रार दिली आहे.

ब्राह्मीला जपा. लोभ आहेच, तो भांडूनही टिकेल.

तुझी गुणमालाअक्का

शिरवळ, ३० ऑगस्ट २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हात मोडला तरी हट्ट शाबूत आहे, हे वाचून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. अक्का, साखरपुडा तोंडावर आला आहे. तक्रार राहिली तर सन्मतीराव सोयरीक मोडतील. पर्युषण संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी ते मंदिरात सगळ्यांसमोर तुझी क्षमा मागणार आहेत. तू उत्तम क्षमा म्हण आणि तक्रार मागे घे. इथे हायवे ओलांडताना मीही रोज जीव मुठीत धरतो, कुणाकुणाशी भांडू? आणि यापुढे मंदिरात रिक्षाने जात जा.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धन्यकुमार

माधवनगर, ९ सप्टेंबर २०२५

चि. धन्यकुमार यास अ. उ. आ. वि. वि.

काल सन्मतीने भर मंदिरात हात जोडले. मी उत्तम क्षमा म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. वर्षभराचं वैर त्या दिवशी धुवायचं असतं, मीही धुतलं. लगेच तो म्हणाला की चला, गाडी बाहेर हाय, ठाण्यात जाऊन येऊ. मी सांगितलं की क्षमा माझी होती, ती दिली. तक्रार या रस्त्याने चालणाऱ्या सगळ्यांची आहे, ती मागे घेणारी मी कोण? सोयरिकीचा इचार करावा लागंल, म्हणाला. खुशाल करा, म्हटलं.

आज सकाळी पट्ट्यांपाशी त्याची आई, अंजनाकाकू, उभी होती. लेकाला लय डोक्यावर चढवला म्हणाली, आणि माझा धड हात धरून चालू लागली. मागून एकाने हॉर्न दाबला. काकू रस्त्याच्या मधोमध थांबली आणि तो बंद होईपर्यंत हलली नाही. आता रिक्षाने कोण जातं!

हे ब्राह्मीला वाचून दाखव. तिचा राग मी सोसेन, तक्रार हलणार नाही. पटलं नाही तरी आपलेपणा ठेव.

अक्का

शिरवळ, १३ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र ब्राह्मीला वाचून दाखवलं. ती रडली, मग उठून तिनेच सन्मतीरावांना फोन लावला आणि मला ही सोयरीक करायची न्हाई म्हणून सांगितलं. मी अडवलं नाही. तुझ्या जबाबाच्या दिवशी ती तुझ्यासोबत ठाण्यात येणार आहे. मीही रजा टाकली आहे.

स्टँडवरून घरी आम्ही चालतच येऊ.

तुझाच,
धन्यकुमार