घडी न मोडलेले कान

माण, डिसेंबर २००८

राजश्री जयसिंगदादा यांस हैबतरावचा रामराम.

घोटावड्याला सगळी खुशाल असतील, वहिनींचा गुडघा त्यांना खाली बसू देत असेल, असं धरून चालतो. (शाळेपासूनच्या सवयीनं मोठ्यानं म्हणत म्हणत लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या.) दादा, विमा मंजूर झाला! तुमची बहीण ऐकायला लागली!

गोजराच्या कानामागं डॉक्टरांनी यंत्र बसवलं, अर्धं कातडीखाली आणि अर्धं वरून लोहचुंबकानं चिकटणारं, हे तुम्ही पाहिलंच. आपल्या दिग्विजयच्या कंपनीच्या विम्यात आईबापही बसतात, म्हणून आम्ही निर्धास्त. तर विमावाल्यांनी कळवलं की ही चष्म्यासारखी बाहेरून घालायची वस्तू, पैसे मिळणार नाहीत. दिग्विजयनं ते आईला वाचायला दिलं आणि घात झाला. बाईनं वरचा भाग काढला आणि नव्या साडीच्या घडीत गुंडाळून कपाटात ठेवला. "न वापरता ठिवते. पैसं न्हाई आलं तर दुकानदार परत घील." (कातडीखालचा भाग परत कसा देणार, हे तिला विचारायची कुणाची छाती?) दहा वर्षांनी बायकोचे कान परत आले आणि जाऊन बसले कपाटात! मला जेवण गोड लागेना.

शेवटी विम्याचे साहेब चौकशीला घरी आले. माणूस सभ्य, पण चहा पिता पिता मान नकाराचीच हलवत होता. गोजराला ऐकू येत नसलं तरी मान कळते. ती उठली, पदर सारला, बांगडीतली सेफ्टी पीन काढून कानामागं लावली आणि हात सोडला. पीन जागच्या जागी! मग साहेबांच्या नाकावरचा चष्मा उचलून तिथंच लावला. तो पडला थेट चहात. "बगा, चष्मा ऱ्हातुया का हितं? आत काय तरी हाय म्हनूनच पीन ऱ्हायली नव्हं?" साहेब चष्मा पुसत गेले आणि आज सकाळी मंजुरी आली.

यंत्र लावल्याबरोबर मी सवयीनं ओरडलो, "गोजरे!" तर म्हणते, "हळू बोला की, रातपाळीची भाडेकरू पोरं निजल्यात." दादा, खोटं कशाला सांगू, मी गोठ्यात जाऊन रडलो.

आपला,
हैबतराव

ता. क. : खरं काम राहिलंच. इतकी वर्षं तिच्या समोर बसून आपण तिच्या पुरणपोळीला काय काय नावं ठेवली, ते आठवतं ना? आता विचारते, तवा दोघं हसत काय व्हता? मी सांगितलं, दादा पोळीची तारीफ करायचे. तुम्हीही तेच सांगा आणि हे पत्र चुलीत घाला.

आणखी ता. क. : चुलीत घालून उपयोग नाही. मी मोठ्यानं म्हणत लिहितोय आणि गोजरा मघापासून मागं उभी आहे. ती सांगते तसं लिहितो : "दादा, रविवारी ये. पोळ्या करते. काय नावं ठिवायची ती दोघांनी मोठ्यानं ठिवा, मला समदं ऐकायचंय."