आठ बावन्न ते आठ छप्पन्न

सोमवार, ८ सप्टेंबर

विनयने फ्रिजवर तक्ता लावला. सकाळचे पावणेदोन तास, पाच-पाच मिनिटांचे चौकोन. त्याचे निळे, माझे हिरवे. हिरवे जास्त आहेत. मोजले नाहीत, दिसतात.

संध्याकाळचा चहा तक्त्यात नाही. सकाळीच करून थर्मासमध्ये भरायचा, ज्याला जेव्हा हवा त्याने तेव्हा घ्यायचा. "बारा मिनिटं वाचतात, रोज," तो म्हणाला.

दिवसाचा आढावाही लिहायचा. पाच ओळींत. ही वही त्यासाठी. पाच ओळी होऊन गेल्या.

मंगळवार, ९ सप्टेंबर

कंपनीत नवीन शीट. आम्ही घरगुती स्विच बनवतो, वागळे इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. कोणतं काम कोणत्या पायऱ्यांनी करायचं ते मराठीत लिहिणं, हे माझं काम. उचला. दाबा. फिरवा. ठेवा. एम.ए.ला होते तेव्हा वाक्य जितकं लहान तितकं चांगलं असं शिकवायचे.

देसाई सर कारखाना बघतात. म्हणाले, "तपासणीचं टेबल राहिलंय. सुलभाताईंचं. त्या नेमकं काय करतात ते कुणालाच सांगता येत नाही."

घाई आहे का, विचारलं.

"दिवाळीनंतर ते टेबल वैशाली बघेल, पॅकिंग सांभाळून. शीट नीट असली की कोणीही करेल. तुम्ही छान लिहिता."

मग सुलभाताई कुठे, हे विचारलं नाही. त्यांचं कंत्राट दिवाळीला संपतं. दरवर्षी पुढे वाढवतात.

गुरुवार, ११ सप्टेंबर

स्टॉपवॉच घेऊन सु.ताईंच्या शेजारी बसले. वय छप्पन्न. डोंबिवलीहून येतात. तेवीस वर्षं हेच टेबल. पट्ट्यावरून स्विच येतो, त्या उचलतात, दोनदा दाबतात. चांगला डावीकडे, वाईट उजवीकडे. बघत नाहीत. पट्ट्याच्या एवढ्या खडखडाटात नुसतं ऐकतात. एका स्विचला तीन सेकंद.

"काय ऐकता?"

"टक्."

"आणि वाईट असला तर?"

"तर टक् नाही."

लिहून घेतलं. शेजारच्या टेबलावरून वैशाली ओरडली, "मॅडम, नवऱ्याच्या खोकल्यावरून सांगते ती, कुठे जाऊन आला ते! स्विचचं काय घेऊन बसलात!"

"तुझा तर खोकत पण नाही," सु.ताई म्हणाल्या. "येतो नि आडवा होतो." हात थांबला नाही. तीन सेकंद.

शनिवार, १३ सप्टेंबर

पूर्ण दिवसाची नोंद घेतली. पाळी आठ पन्नासची, पट्टा नऊला सुरू.

८.५२. सु.ताई आल्या. चपला बाजूला काढल्या. कोपऱ्यात देवीचा फोटो, खाली फळी, फळीवर पितळी कुंकवाची डबी. ती उघडली. आमच्याकडे पाठ, मान खाली. बराच वेळ.

८.५६. टेबलावर.

शीटला दोनच रकाने असतात. काम. काम नाही.

लिहिलं: नमस्कार, ४ मि. काम नाही.

सु.ताई वहीत डोकावल्या. वाचलं. टेबल पुसायला लागल्या.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज त्या आपणहून बोलत होत्या. जेवायच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बोलत होत्या. दमट हवेत स्प्रिंग आळसावते. सोमवारच्या मालात पहिले शंभर जपून बघायचे, मशीन रविवारभर थंड असतं. दुसऱ्यांदा दाबायचं ते अंगठ्याने नाही, मधल्या बोटाने.

'आळसावते' शीटमध्ये चालत नाही. 'आवाज जड येतो' असं लिहिलं. त्यांचा शब्द जास्त बरोबर होता.

"तेवीस वर्षांत कोणी विचारलंच नाही हो," म्हणाल्या. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

नंतर, डब्याचं झाकण लावताना: "हे कुणासाठी लिहिताय?"

"रेकॉर्डसाठी."

"माझं नाव येणार त्यात?"

"शीटमध्ये नावं नसतात, ताई."

"हो का," म्हणाल्या, आणि मला अर्धं थालीपीठ दिलं. खाल्लं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सरांना कच्ची शीट आवडली. ८.५२ खाली लाल रेघ.

"पाळी आठ पन्नासची आणि पट्टा नऊचा. मधली मिनिटं कुठे जातात ते आज कळलं. सोमवारपासून पट्टा आठ बावन्नला. आल्या आल्या टेबल. नमस्कार घरी करून यायचा." मग माझ्याकडे बघून, "चांगलं पकडलंत."

घरी सांगितलं. वि. खूश. "बघ, सापडतात मिनिटं. शोधावी लागतात फक्त."

थकवा. कारण लिहिण्याएवढं काही नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. पट्टा आठ बावन्नला सुरू झाला. देवीला हार घालायला कोणी मोकळं नव्हतं, वैशालीने जेवायच्या सुट्टीत घातला. "आई, जरा उशीर झाला, साहेबांना सांग," म्हणाली. बायका हसल्या.

सु.ताई दारातून थेट टेबलावर. एकदा फळीकडे बघितलं.

वि. घोडबंदर रोडला अडकला होता, दीड तास. थर्मासमधला चहा एकटीने घेतला. गरम होता. थर्मास चांगला आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

माल परत आला. मंगळवारचा आणि बुधवारचा. स्विच अर्ध्यात अडकतात. खोक्यांवर सु.ताईंचा शिक्का. तेवीस वर्षांत असं एकदाही झालेलं नाही, हे सरांनीच सांगितलं, सगळ्यांसमोर, आणि पुढे म्हणाले, "वय होतं माणसाचं. कान जातात."

"ऐकू येतं सर," सु.ताई म्हणाल्या. "पण खात्री वाटत नाही."

"खात्री नाही तर शिक्का कशाचा मारताय?"

सु.ताईंनी पदर सारखा केला. तो सारखाच होता. वैशाली खोक्यांकडे बघत राहिली.

शनिवार, २७ सप्टेंबर

कान तपासून आणायला सांगितलंय. सु.ताईंबरोबर मी गेले. कोपरीत, आमच्या घराजवळच एक डॉक्टर आहेत. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र, आवाज आला की बटण दाबायचं. बटणाकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. तिशीतल्या बाईचे असावेत असे.

बाहेर येऊन सु.ताई पायरीवर थांबल्या. "मग मला झालंय काय?"

घरी चला, चहा घेऊ, म्हणाले. थर्मासमधला दिला.

"घरी बसवतील ना आता? दोनच वर्षं राहिली होती. घरी बसून काय ऐकू? सगळे कानात वायरी घालून बसलेले असतात."

कपात चहा राहिला. चहाला थर्मासचा वास येतो म्हणाल्या. मला इतके दिवस आला नव्हता.

सोमवार, २९ सप्टेंबर

वैशालीला माझी शीट देऊन टेबलावर बसवलं. अर्धा तास. प्रत्येक पायरी मोठ्याने वाचून केली, मधलं बोटसुद्धा. सु.ताईंपेक्षा जास्त चुका.

"मॅडम, मला सगळे सारखेच वाजतात हो," म्हणाली. "टक् म्हणजे नक्की कुठलं टक्?"

सर म्हणाले, "एक तर तुमच्या शीटमध्ये काही राहिलंय, नाहीतर बाईंचा कान गेलाय. पुढच्या मंगळवारी दहा वाजता मला सांगा कुठलं ते."

रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. आज हत्यारं चालवत नाहीत. पट्टा धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या. टेबलावर पांढरं कापड, त्यावर पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर. वैशालीने माझ्या खिशातून स्टॉपवॉच काढून घेतलं आणि ओळीत ठेवलं. "हे पण हत्यारच की!" हळद-कुंकू लावलं. काचेवर.

मग सु.ताईंनी फळीवरची डबी आणली. उघडली. आत कुंकू नाही. कापसावर एक स्विच. जुना, हस्तिदंतासारखा पिवळा पडलेला.

त्यांनी तो दाबला.

पट्टा बंद. खोलीत कोणी बोलत नव्हतं. तो आवाज मीही ऐकला. टक्. आत काही उरलं नाही असा.

सु.ताईंनी डोळे मिटले. पुन्हा दाबला. पुन्हा. कुंकू लावायला बोट पुढे केलेली वैशाली तशीच थांबली.

नंतर जिन्यात विचारलं.

"मी लागले तेव्हा जुन्या मालकांनी दिलेला. म्हणाले, बाई, असा वाजला तर पुढे पाठव. रोज सकाळी आधी ह्याचा आवाज घ्यायचा. कान रात्रीत उतरतो हो. पंखा, गाड्या, घरचा टीव्ही. तो परत लावून घ्यावा लागतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही टेबलावर काय करता विचारलंत. हे टेबलावरचं नाही. आणि तुम्ही लिहिलंत ना, काम नाही म्हणून. मला वाटलं, शिकलेल्या आहात, तसंच असेल." एक पायरी उतरून, "मी पण नमस्कारच समजत होते. बंद झाल्यावर कळलं."

दुपारी घ्यायचा होतात आवाज, म्हणाले.

"तोवर अर्धा माल गेलेला असतो."

आणि घरी?

"गेटवर पिशव्या बघतात मॅडम. तेवीस वर्षं काम केलेल्या बाईच्या पिशवीत स्विच सापडला तर?"

स्टॉपवॉचच्या काचेवरचं कुंकू पुसलं नाही. आकडे दिसत नाहीत. आज बघायचेही नाहीत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

लिहून बघितलं.

डबीतलं लिहिलं, तर शीट पूर्ण होते. मग वैशाली चालेल, कोणीही चालेल. सु.ताई दिवाळीला घरी.

नाही लिहिलं, तर सु.ताईंचा कान गेला. दिवाळीचीसुद्धा वाट बघणार नाहीत.

तिसरं काही सुचत नाही. दोन्ही माझ्याच अक्षरात.

शनिवार, ४ ऑक्टोबर

जेवायच्या सुट्टीत सु.ताईंना सगळं सांगितलं. शीट कशासाठी होती ते. रेकॉर्डसाठी म्हणाले ते खोटं होतं, तेही.

त्या चपातीचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"घड्याळ घेऊन शेजारी बसलात तेव्हापासून. शेजारी बसून कोणी उगाच ऐकतं का?"

"तरी सांगितलंत सगळं?"

"विचारलंत ना."

मी म्हणाले, डबीचं लिहीत नाही. कोणाला सांगत नाही. तुम्ही पण सांगू नका. सकाळची चार मिनिटं तेवढी सरांकडून काढून घेते, काहीतरी कारण देऊन.

"आणि मी गेल्यावर?"

मी पाण्याची बाटली उघडली.

"स्विच लोकांच्या घरात लागतात, मॅडम. कोणी अंधारात भिंत चाचपत येतं आणि दाबतं." डबा बंद केला. "बघते मी. तुम्ही नका बघू आता."

रविवार, ५ ऑक्टोबर

वि.ने माझी वही बघितली. वाचली नाही, नुसती नोंदींची लांबी बघितली. "पाच ओळी म्हटलं होतं."

म्हणाले, लहान करता येत नाहीये.

"मग मुद्दे काढ."

संध्याकाळी पातेलं ठेवलं. आलं किसलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "थर्मासमध्ये आहे की." हो म्हणाले. गॅस बंद केला नाही. तो उभा राहिला, मग स्टूल ओढून बसला. त्याच्या ऑफिसात कोणालातरी काढलंय. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. मी डबीबद्दल सांगितलं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ऑफिसात बसून लिहितेय. नऊ पंचवीस.

काल सरांना कारण सांगितलं. अंतिम नोंद घ्यायची आहे, एक दिवस पट्टा नऊला सुरू करा. एकच दिवस, म्हणाले.

८.५० ला मी पोचले तर सु.ताई आधीच आत होत्या. चपला बाजूला. फळीपाशी उभ्या, डबी उघडी. पण आज पाठ आमच्याकडे नव्हती.

"वैशाली, इकडे ये."

"काय गं? प्रसाद आहे का?"

"ये म्हटलं ना. चप्पल काढ. डोळे मीट."

"आता हे काय नवीन?"

"मीट गं बाई."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी सु.ताईंकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वैशालीचा हात धरला, तळव्यावर तो पिवळा स्विच ठेवला, तिचं मधलं बोट उचलून त्यावर टेकवलं.

टक्.

"ऐकलंस?"

"हो."

"नाही ऐकलंस. परत."

टक्.

मी स्टॉपवॉच चालू केलं. सवय. काचेवर अजून थोडं कुंकू आहे, कडेला. वैशाली हसायची थांबली. दोघी जवळजवळ उभ्या, डोळे मिटलेले, एकीच्या हातावर दुसरीचा हात. टक्. परत. टक्. परत. किती वेळा ते मोजलं नाही.

"आता?" सु.ताईंनी विचारलं.

"थांब ना," वैशाली म्हणाली. "बोलू नकोस."

पट्टा सुरू झाला तेव्हा घड्याळ बंद केलं. सात मिनिटं चाळीस सेकंद.

शीट समोर आहे. सगळ्यात वर एक ओळ मोकळी ठेवली होती. तिथे सुलभाताईंचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. शीटमध्ये नावं नसतात. त्यापुढे वेळ लिहिली.

रकाने दोनच आहेत. पेन दोन्हींच्या मधल्या रेघेवर.

सर दहाला येतात.