जोडीदाराला झोपू द्यायचं नाय

२ डिसेंबर २०२४, सोमवार

पोचले एकदाची! दातिवऱ्याहून एसटीने पालघर, मग बोईसर, मग रिक्षाने पाम गाव. आयने सुकट, जवळा, कांद्याची चटणी असं एवढं बांधून दिलंय की रिक्षावाला म्हणाला, मॅडम दुकान टाकताय काय. मी लाजून पिशवी पायाशी ओढली.

ट्रेक नेणाऱ्या सुजीत सरांनी सगळ्यांना एकेक वही दिली. ट्रेकला जाणाऱ्याने रोज लिहायचं, काय खाल्लं, नाडी किती, झोप किती, पायाला फोड आले का. मी नववीत शाळा सोडली, चारचौघांत बोलायला लागतं म्हणून. लिहायला मला आवडतं. पण कोणाला सांगितलं नाय कधी.

जागा म्हणजे मासळीचं बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज. सरांनी भाड्याने घेतलंय. खाली बर्फाची खोली, वरती आमच्या दोन खोल्या. खिडकीतून एका बाजूला ताडाची झाडं, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या चिमण्या. मशीन अजून चालतं, ते बघायला विश्राम काका हायत. ते माझ्या आयला ओळखतात, म्हणाले, ती हंसा ना, वजनात कधी खोट नाय करायची.

जानेवारीत सर मुंबईची माणसं घेऊन हिमाचलला जाणार, भर बर्फात, पंधरा हजार फूट. तंबू वाहायला, स्वयंपाकाला दोन जण पाहिजेत. आमी चौघं आलोय, दोन जोड्या. त्यातली एकच जोडी नेणार. आय म्हणाली, तिथं जाऊन करणार काय, तिकडे बोंबील पण वाळत नाय. पण मला जायचंय. मी समुद्र आणि आयची मासळीची पाटी सोडून काय बघितलंच नाय अजून.

माझी जोडीदार प्रियंका, उमरोळीची. एकोणीस वर्षांची. पोचल्यापासून तिचं तोंड बंद नाय, त्यामुळे मला बोलायला लागत नाय. जाम बरं वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार

काळदुर्ग किल्ल्यावर सराव. पाठीवर सॅक, सॅकमध्ये रेती. दोन लोकरी मोजे, त्यावर जड बूट. डिसेंबरात पण घामाची आंघोळ झाली.

दुसरी जोडी चिंतू आणि जिवल्या, जव्हारकडची, सख्खे चुलतभाऊ. शेळीसारखे चढतात. आमी मागं राहिलो की वरून ओरडतात, ए मासळीवाल्या, डोंगराला भरती नाय येत गो, चालायला लागतं! प्रियंका काय गप्प बसते. ती म्हणाली, तुमच्या डोंगरावर बर्फ कधी पडला होता रे, हिच्या पाटीत रोज पडतो. जिवल्या हसून हसून खाली बसला.

नाडी १२८. उतरल्यावर ९०. फोड दोन. प्रियंकाने माझ्या फोडांना खोबरेल लावलं. माझ्या पायाला असं कोणी हात लावला नव्हता.

९ डिसेंबर, सोमवार

आज पहिल्यांदा बर्फाच्या खोलीत, थंडीची सवय व्हायला. उणे अठरा. भिंतीला वीतभर बर्फ, पांढरा बल्ब, जुन्या मासळीचा वास गोठून बसलेला. अंगावर तीन थर, माकडटोपी, हातमोजे. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात. वीस मिनिटं बसलो.

सरांनी मोठी गोष्ट सांगितली. उंचावर थंडीत माणसाला गोड झोप येते, आणि जो झोपतो तो उठत नाय. त्यांच्या डोळ्यासमोर एक जण असा गेलाय. म्हणून तिथं एकच नियम, जोडीदाराला झोपू द्यायचं नाय. हाक मारा, हलवा, नाय उठला तर मारा. दया करायची नाय. ज्याने दया केली त्याने मारलं, असं म्हणाले.

बाहेर आल्यावर विश्राम काकांनी चहा दिला. ते सरांना हळूच म्हणाले, सर, ही मासळीची खोली हाय, माणसांची नाय. सर म्हणाले, काका तुमी मशीन बघा.

१२ डिसेंबर, गुरुवार

चाळीस मिनिटं. प्रियंकाचे डोळे मिटायला लागले. मी हाक मारली, हलवलं. सर म्हणाले, मार. मी गालाला नुसता हात लावला. सर म्हणाले, तू काय तिला पावडर लावतेस? आणि त्यांनी माझ्याच कानाखाली दिली, अशी की कानात शिट्टी वाजली. म्हणाले, आता झोप येते का? नाय येत. मग अशी मार.

मी मारली. प्रियंका डोळे फाडून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बाय माझे, तुझा हात हाय का वल्हं! रात्री जेवताना पण तेच सांगून सगळ्यांना हसवत होती. गालावर चार बोटं उठलेली.

१६ डिसेंबर, सोमवार

तासभर. आता कोणाला सांगायला लागत नाय. चिंतूने जिवल्याला मारलं, जिवल्याचा पुढचा दात पडला. रक्त हनुवटीवर आलं आणि तिथंच गोठलं. दोघं हसत होते. प्रियंकाने मला दोरीच्या टोकाने मारलं, माकडटोपी फाटली, भुवईवर चीर पडली. काय दुखलं नाय. तिथं काहीच दुखत नाय.

एक गोष्ट लिहू का नको असं झालंय. मारलं की अंगात ऊब येते. हातातून सुरू होते आणि छातीपर्यंत जाते. आज प्रियंकाचे डोळे मिटले नव्हते. तरी मी दोनदा मारलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज निवड होती. दीड तास. ज्या जोडीतलं कोणी झोपलं ती जोडी बाद.

सगळं नीट लिहिते.

सर बाहेर, दार बंद, आत आमी चौघं. तासाभराने प्रियंका बडबडायला लागली, शेतावर पाणी सोडायचं राहिलंय, बाबा वाट बघतायत. मग गप्प. मी मारलं. उठली. परत मिटले. परत मारलं. हातमोजा काढून मारलं. तिचा ओठ फुटला, नाकातून रक्त आलं. मला फक्त एवढंच वाटत होतं की ही झोपली तर मी परत पाटीजवळ जाऊन बसणार. माझा हात दमला तेव्हा मीच चिंतूला म्हटलं, तू मार. तो दुसऱ्या जोडीचा, तरी त्याने लगेच चार लगावल्या. मग मी परत. शेवटच्या फटक्याला तिचे डोळे टक्क उघडले, आणि मग मिटलेच नायत.

मी खूश झाले.

मासळी ताजी का शिळी ते मी डोळ्यावरून सांगते. शिळीचा डोळा आत जातो, धुरकट होतो. प्रियंकाचे डोळे बाहेर आलेले, काळेभोर, चकचकीत. मी टॉर्च मारून बघितलं आणि मनात म्हटलं, ताजी हाय. मग तिचा हात धरून बसले. अर्धा तास. तिला सांगत होते, आपण जाणार गो, आपणच जाणार.

दार उघडलं. सरांनी तिचे उघडे डोळे बघितले आणि आधी शाबास म्हणाले. मग तिच्या खांद्याला हात लावला. ती बसल्या जागी तशीच आडवी झाली, गुडघे दुमडलेलेच.

बर्फावर ठेवलेल्या पापलेटचा डोळा दोन-दोन दिवस तसाच राहतो. मला माहीत होतं. आयनेच शिकवलंय.

२० डिसेंबर, शुक्रवार

सर आणि काका तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेलेले. सर एकटेच परत आले. आमाला तिघांना बसवून म्हणाले, तिचं हृदय जन्मापासून कमजोर होतं, चढावर पळताना पडली. सगळ्यांनी हेच बोलायचं, आणि मिटेपर्यंत इथून हलायचं नाय. दुसरं काय बोललात तर पहिला प्रश्न हा येईल की तिच्या तोंडावर बोटं कोणाची.

मी कोणाला काय सांगणार.

उजवा हात अजून गार हाय. कालपासून.

२२ डिसेंबर, रविवार

प्रियंकाचे बाबा तिची बॅग घ्यायला आले. दामू नाव त्यांचं. पायात चप्पल नव्हती. मला म्हणाले, तूच ना तिची जोडीदार, फोनवर तुझंच सांगायची, बोलत नाय पण जीव लावते. मग विचारलं, त्या दिवशी जेवली होती का? मी मान डोलावली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. म्हणाले, केवढा गार गो पोरी.

२४ डिसेंबर, मंगळवार

हात कोपरापर्यंत पांढरा. नखं निळी. गरम पाण्यात धरला, चुलीवर धरला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. दुखलं नाय.

दुपारी विश्राम काका खुर्चीत पेंगत होते. मी बाजूने चाललेले. हात उठला आणि त्यांच्या तोंडावर बसला. मी नाय उठवला. काका खुर्चीसकट पडले, कानातून रक्त. ते रागावले नायत. माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, पोरी, घरी जा, आजच जा.

पण घरी आय हाय. आय दुपारची झोपते.

२५ डिसेंबर, बुधवार

काल झोपलेच नाय. आज डोळा लागला की थप्पड. रिक्षात, बोईसरला दवाखान्यात जाताना पण. नाक फुटलं. रिक्षावाला घाबरून उतरवून गेला, म्हणाला, खुद को क्यों मार रही है?

मी मारत नाय. हात मारतो. मारायच्या आधी कानाजवळ गार श्वास लागतो, आणि प्रियंका बोलते. रागाने नाय. उठ गो, उठ. नियम पाळतेय ती.

चिंतूला विचारलं. त्याने बाही वर केली. त्याचा पण हात पांढरा. त्याने पण तिला मारलं होतं ना.

२७ डिसेंबर, शुक्रवार

जिवल्या मेला.

चिंतूने मारला. बर्फ फोडायच्या सळईने. सकाळी जिवल्या अजून झोपलेला, उन्हं आलेली तोंडावर. आवाज ऐकून मी गेले. ओल्या लाकडावर घाव बसल्यासारखा आवाज. तोंड राहिलंच नव्हतं. भिंतीवर, पत्र्यावर, चिंतूच्या दातांवर. चिंतू रडत होता आणि हात चाललेला. डाव्या हाताने उजवा धरून ओढत होता, तरी चाललेला. ओरडत होता, झोपलाय रे तो, झोपलाय, मी उठवतोय.

पोलीस घेऊन गेले त्याला. सर कालपासूनच नायत. फोन बंद. मी त्यांच्यातल्या पोलीस बाईंना सगळं सांगितलं, खोलीचं, प्रियंकाचं. त्यांनी लिहून घेतलं, बोलावू तेव्हा ये म्हणाल्या. हाताचं नाय लिहिलं.

२८ डिसेंबर

झोप नाय. चार दिवस. हात ट्रेकच्या दोरीने खाटेला बांधलाय. डाव्याने लिहिते.

आयला फोन केला. येऊ नको म्हटलं. ती म्हणाली, आवाज असा काय, आजारी हायस काय. नको येऊ. तिने ठेवला फोन—

२९

गालाचं हाड वाजतं. एक डोळा उघडत नाय, त्याच्यावर पण मारतो, तो मिटलेला दिसतो ना—

दोरी तोडली त्याने. परत बांधली. काका बांधून गेले.

प्रियंका, मी जागी हाय. बघ ना. जागी हाय—

३० डिसेंबर, दुपार

आय आली.

पहाटे तीनला बंदरावर गेलेली, मासळी विकून तशीच एसटीत बसली. माझं तोंड बघून किंचाळली. मग दोरी बघून काकांना शिव्या घातल्या, माझ्या पोरीला गुरासारखी बांधता मेल्यांनो. मी नको नको म्हणत होते. तिने दातांनी गाठ सोडली.

काका रिक्षा आणायला गेलेत. घरी नेते म्हणाली.

मी म्हटलं, आय, तू फक्त झोपू नको. कायपण कर, झोपू नको. ती हसली. म्हणाली, वेडी, जरा पाठ टेकते, रिक्षा येईस्तोवर—

बाजूला आडवी झालीय. एक हात माझ्या मांडीवर. जांभई दिली.

आय बोल माझ्याशी. भाव काय आला आज. बोलतेय. कोळंबीला बरा आला. पापलेट—

गप्प झाली.

आय. आय. हूं म्हणाली नुसती.

बाहेर पळायला उठले. हाताने खाटेची पट्टी धरली. सोडत नाय. डाव्याने बोटं उचकटून बघितली, नाय सुटत—

गार श्वास. कानाजवळ. उठ गो—

ती माझी आय हाय प्रियंका, ती बर्फात नाय, तिला झोपू दे, तिला हा नियम नाय—

पट्टी सोडली.

आय डोळे उघड. उठ. हाका मारतेय आय. उघडे ठेव नुसते, उघडे ठे