आमच्यात घोडा विकत नाहीत

१२ जुलै १९९८, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय लेखी घ्यावेत असं कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तर निर्णय: चंद्री विकायची. महिनाअखेरपर्यंत. नक्की.

चंद्री म्हणजे माझी जीप. चौऱ्याऐंशीचं मॉडेल, डिझेल, वर पत्र्याचं छप्पर. आजोबांच्या घोडीचं नाव चंद्री होतं, तेच मी हिला दिलं. आजोबा फत्तेसिंहराव बडोदे संस्थानच्या घोडदळात शिलेदार होते, म्हणजे घोडी स्वतःची. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये, म्हणजे बस कंपनीची. घराण्यात स्वतःचं वाहन म्हणायला आता ही एकच.

वैष्णवीला सातवा लागला. तिचं म्हणणं, जीपच्या पायरीवर चढताना पोट आवळतं, डिझेलच्या वासाने उलटी येते आणि रावपुऱ्यातला एकेक खड्डा बाळाला मोजता येतो. त्यापेक्षा एक जुनी छोटी गाडी घेऊ म्हणते. रास्त आहे. बाप होणाऱ्या माणसाने त्याग शिकला पाहिजे.

१४ जुलै

पाणीगेटचे भरतभाई जुन्या गाड्यांचा धंदा करतात. ते येऊन बघून गेले. बॉनेट उघडून बराच वेळ नुसते उभे होते. कौतुकानेच असावं. म्हणाले, "आ तो घोडो छे, साहेब." पुढे आणखी एक शब्द म्हणाले, तो इथे लिहायची गरज नाही.

गिऱ्हाईकही तयार आहे म्हणे. डभोई रोडला शटल मारणारा कोणी. म्हणजे चंद्रीत अठरा माणसं, टपावर पोती, मागे लटकलेले वेगळे. जेवण गेलं नाही.

१५ जुलै

वैष्णवीने विचारलं, काय ठरलं. मन होत नाही असं सरळ सांगणार होतो. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "आमच्यात घरातली बाई गरोदर असताना घोडा विकत नाहीत. शिलेदारांची रीत आहे."

ती म्हणाली, तसं असेल तर राहू दे, बाळाच्या बाबतीत परीक्षा नको.

इतक्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

तसं हे अगदीच खोटं नाही. कुठलीही रीत कुणीतरी पहिल्यांदा सांगितलेलीच असते. ती मी सांगितली, इतकंच.

१९ जुलै, रविवार

चंद्री ठेवायची तर वैष्णवीचे त्रास दूर करणं माझं कर्तव्य. कामाला लागलो.

१. पायरी उंच: स्वयंपाकघरातलं स्टूल कायम गाडीत ठेवलं.
२. डिझेलचा वास: सीटवर केवड्याचं अत्तर शिंपडलं.

वैष्णवीला न्यायमंदिरापर्यंत चक्कर मारून आणली. स्टूल डुगडुगलं. डिझेल अधिक केवडा, तिला दोनदा उतरावं लागलं. परतताना चालत येते म्हणाली. मी चंद्री तिच्या बाजूने पहिल्या गिअरमध्ये आणली, सोबत म्हणून. लोक बघत होते.

२२ जुलै

एक किरकोळ गुंता. वरच्या मजल्यावरच्या पूर्णिमालाही दिवस आहेत. वैष्णवीने तिला आमची रीत सांगितली. पूर्णिमाचा नवरा उन्मेष स्कूटर विकून वॉशिंग मशीन घेणार होता. आज जिन्यात भेटला. म्हणाला, सौदा मोडला, तुमच्या घराण्याला माहीत असेल ते खोटं कसं असेल. आम्ही साधी नोकरदार माणसं, आमच्यात असलं कुणी सांगत नाही.

पूर्णिमा बादलीभर कपडे घेऊन गच्चीवर चालली होती. बादली मी वर नेऊन दिली. रोज नेऊन द्यायची असं ठरवलं आहे.

२६ जुलै, रविवार

वैष्णवीचं डोहाळजेवण. नागरवाड्याहून मथुराबाई आल्या. मथुराबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. वय बहात्तर, स्मरणशक्ती नको तितकी चांगली. घराण्यातलं जुनं माहीत असलेलं आता तेवढंच माणूस. त्यांच्यासमोर रीतीचा विषय निघू नये म्हणून मी तिथेच घुटमळत होतो, पण बायकांच्या कार्यक्रमात काय काम म्हणून मला बर्फ आणायला पिटाळलं.

परत आलो तर आत्या आणि वैष्णवी स्वयंपाकघरात डोक्याला डोकं लावून बसलेल्या. मला बघून गप्प झाल्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वैष्णवी छान दिसत होती. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "अहो, ती घोड्याची रीत तुम्हाला कुणी सांगितली?"

म्हटलं, असंच, रक्तात असतं.

"बरं," म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. दमली असावी.

२८ जुलै

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे वैष्णवी प्रतापनगरला गेली. सासरे जयवंतराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत, तिथेच क्वार्टर. ती रिक्षाने गेली. मी मागून चंद्रीत, सूटकेस घेऊन.

घर रिकामं वाटतंय. स्टूल गाडीतच आहे, त्यामुळे डब्यांपर्यंत हात पोचत नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

आज सांगून टाकायचंच, असा निश्चय करून प्रतापनगरला गेलो. दारातच सासूबाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन उभ्या. मला वाटलं माझ्यासाठी. रीत त्यांच्याही कानावर गेली होती; ते सगळं चंद्रीसाठी होतं. बाळाच्या पाठीशी उभी राहणारी लक्ष्मी म्हणून बॉनेटला कुंकू लावलं, चाकापाशी नारळ फोडला. अशा वेळी सांगणं बरं दिसलं नसतं.

जयवंतराव म्हणाले, शेजारच्या पंड्यांच्या रिक्षाला सांगून ठेवतो, ऐनवेळी धावपळ नको. मी म्हटलं, रिक्षा कशाला, चंद्री आहे ना, फोन करा, दहा मिनिटांत दारात. त्यांनी आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केली आहेत. चंद्रीचा आवाज ऐकून ते काहीच बोलले नाहीत. पूर्ण विश्वास दिसला.

६ सप्टेंबर, रविवार

रंगीत तालीम घेतली. रावपुरा ते प्रतापनगर आठ मिनिटं. मांडवीची गर्दी, एक गाय आणि दोनदा ढकलणं धरलं तर सव्वीस. ते नेहमीचं नव्हे. आठच धरायची.

२० सप्टेंबर, रविवार

वैष्णवीचे पाय सुजलेत. पाय चेपून दिले. उद्यापासून नवरात्र. ती म्हणाली, तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?

इतकी सोपी संधी पुन्हा येणार नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

म्हटलं, चंद्रीचं ऑईल बदललं.

ती "हो का" म्हणाली आणि पाय ओढून घेतले. घरी येऊन ठरवलं: बाळ झालं की त्याच दिवशी सगळं सांगायचं. आता सांगून तिच्या जिवाला ताप कशाला. हे मी तिच्यासाठीच करतो आहे.

१ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

स. ६.३० काल खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीबरोबर चंद्रीचीही पूजा केली. झेंडूचे हार, आंब्याचं तोरण, आणि गाडीच्याच बॅटरीवर छोट्या दिव्यांची माळ सोडली. माळ अजून चालू आहे. जरा मंद दिसते, पण उजाडल्यामुळे असेल.

६.५० जयवंतरावांचा फोन. कळा सुरू झाल्या. म्हटलं, निघालोच.

७.०० चंद्री सुरू होत नाही. बॅटरी. काळजीचं कारण नाही.

७.२० उन्मेष खाली आला. धक्का मारायला लावला. स्कूटरची किल्ली पुढे करून म्हणाला, तुम्ही ही न्या ना. मी म्हटलं, शब्द दिलाय, चंद्रीच नेणार.

७.४५ अजून तीन जण. उताराकडे तोंड केलं.

८.१० पुन्हा फोन. जयवंतराव म्हणाले, वाट बघून पंड्यांच्या रिक्षातून दवाखान्यात आणलं आहे. आवाज शांत होता.

८.३० घरघरली. बंद पडली. हार पुढच्या चाकात गेला.

९.१५ उन्मेषच्या स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात.

मुलगी. आठ चाळीसला झाली. दोघी खुशाल.

२ ऑक्टोबर

काल तांत्रिक कारणामुळे उशीर झाला असं सगळ्यांना सांगितलं.

खरं इथे तरी लिहावं. स्कूटर हाताशी उभी होती. किल्ली समोर धरलेली होती. जी स्कूटर माझ्या थापेमुळे विकली गेली नाही तीच होती ती. आणि मी तासभर जीप ढकलत बसलो, कारण स्कूटरवर बसलो असतो तर वैष्णवीचं म्हणणं खरं ठरलं असतं.

पोरीची नखं तांदळाच्या कणीएवढी आहेत. सासूबाईंनी तिला माझ्या हातात दिली नाही. मी मागितलीही नाही.

काल सगळं सांगायचं ठरलं होतं. गर्दी होती.

१२ ऑक्टोबर, सोमवार

प्रतापनगरला बारसं. मला बहीण नाही, म्हणून पोरीच्या कानात नाव सांगायला माझ्याच आत्याला, मथुराबाईंना बसवलं. नाव अवनी. पाळणा झाला, पेढे फिरले. पूर्णिमा सातव्या महिन्याचं पोट सांभाळत आली होती, उन्मेषही. तिने भाबडेपणाने आत्यांना विचारलं, तुमच्यातल्या त्या घोड्याच्या रीतीत मूल झाल्यावर किती दिवस थांबायचं असतं?

आत्या म्हणाल्या, "कसली रीत? आबांनी घोडी विकली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. याचा बाप पोटात होता. तबेल्याच्या वासाने आईला अन्न ठरेना. आबा एका सकाळी चंद्रीला घेऊन गेले आणि पायी परत आले. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, घोडी काय, पुन्हा घेता येईल."

उन्मेषने हातातला पेढा ताटलीत परत ठेवला. जयवंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. मला कुणीच काही बोललं नाही. चार माणसांत कान धरला असता तर सुटलो असतो.

सगळे गेल्यावर वैष्णवीजवळ बसलो. म्हटलं, मला तुला काही सांगायचं आहे.

ती म्हणाली, "मला डोहाळजेवणापासून माहीत आहे. आत्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आठ दिवसांत सांगाल असं वाटलं होतं. त्या दिवशी रिक्षात बसल्यावरसुद्धा मी मागे वळून बघत होते, तुमची जीप दिसते का म्हणून."

मला माझी लाज वाटते.

१३ ऑक्टोबर

वर जाऊन उन्मेष-पूर्णिमाची माफी मागितली. उन्मेष म्हणाला, असू द्या, स्कूटर कामाला तर आली. पूर्णिमाने बादली माझ्या हातात दिली.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

चंद्री विकली. भरतभाईंच्या शटलवाल्यालाच. चावी देताना भरतभाई पुन्हा तेच म्हणाले, "घोडो छे, पण घरडो." म्हातारा. जुलैतही हेच म्हणाले होते. स्टूल काढून घेतलं. शटलवाल्याने पहिल्या धक्क्यात सुरू केली आणि मागे न बघता गेला. त्याने कशाला बघावं. मी बघितलं.

पाणीगेटपासून प्रतापनगरला पायी निघालो. हातात स्टूल. आजोबाही असेच आले असतील, अर्थात स्टूलशिवाय. छाती भरून आली. हे अवनीला मोठेपणी सांगायचं असं ठरवत चाललो होतो.

वैष्णवीने विचारलं, कसे आलात? म्हटलं, पायी, आजोबांसारखा.

ती फक्त बघत राहिली. पूर्वीसारखीच, जरा जास्त वेळ.

म्हटलं, मांडवीपासून रिक्षा केली.

तेव्हा तिने अवनीला उचललं आणि माझ्या हातात दिलं. मान सांभाळा म्हणाली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. पोरगी खांद्यावर पुरती विसावते न विसावते तोच तिने माझ्या शर्टवर दूध काढलं. वैष्णवीने पुढे होऊन शर्ट हुंगला. डिझेल. "तिलाही सोसत नाही," म्हणाली आणि तिला परत घेतलं. मला शर्ट बदलून या म्हणाली.

सासऱ्यांचा शर्ट घालून आलो तेव्हा अवनी झोपून गेली होती. पुन्हा उशीर.

स्टूल पाळण्याजवळ ठेवलं आणि ती उठेपर्यंत तिथेच बसून राहिलो.