पाचव्याचं मत

गुरुजी,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. गावाहून फोन आला तेव्हा मी इथेच, सौदीत यान्बूला होतो. त्या दिवशी मी शिफ्ट पूर्ण केली होती, हे अजून आठवतं. रोजच्या दुआत तुमचं नाव घेतो. तसं चालतं की नाही, हे कुठल्या मौलवींना विचारलेलं नाही. आज शुक्रवार. जुम्याची नमाज पढून आलो, जेवलो. मुलगी आतल्या खोलीत बारावीचा अभ्यास करतेय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. विशेष काही वाटत नाही. गेले तीन आठवडे हे असंच आहे. जेवणाला चव लागते, झोपही येते.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या प्लँटमध्ये टाकी साफ करायला उतरलेला एक माणूस जिवंत वर आला नाही. बिहारचा होता. टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासायची, परमिटवर सही घ्यायची, आणि काम मध्ये थांबलं तर हवा पुन्हा तपासायची, असा आमच्याकडे नियम आहे. सकाळी तपासली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर तपासली नाही. त्याच्याबरोबरच्या दोघांनी चौकशीत सांगितलं की सुपरवायझरने ‘यल्ला, यल्ला’, चल लवकर, म्हणत हाताने खूण केली, म्हणून तो उतरला. सुपरवायझर म्हणाला, मी तिथे नव्हतोच. चौकशी समितीत आम्ही पाच जण होतो. चौघांना सुपरवायझरचं पटलं, म्हणजे तो माणूस आपणहूनच उतरला. मला त्या दोघांचं पटलं होतं.

तुम्ही आम्हाला दिल्लीचं सांगायचात ते सगळं या दिवसांत आठवत राहिलं. सातवीच्या वर्गात, नागरिकशास्त्राचं पुस्तक मिटून ठेवून. देश नवा, सर्वोच्च न्यायालय त्याहून नवं, आणि तुम्ही कोकणातून गेलेले मॅट्रिक पास टंकलेखक. न्यायालयाला तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. संसदेच्या गोल इमारतीत, पूर्वी संस्थानिक बसायचे त्या दालनात न्यायाधीश बसत. आधी शेवटचं अपील विलायतेला जायचं, आता ते इथेच संपणार होतं, त्यामुळे कारकुनापासून वकिलापर्यंत सगळेच जरा जपून चालत, असं तुम्ही सांगायचात. फाइलला कोणती दोरी बांधायची इथपासून सगळं ठरायचं होतं. नक्कल तयार झाली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. तुम्ही ते करून दाखवायचात तेव्हा आम्ही हसायचो.

आणि तुमची ती चूक. एका खटल्यात पाच न्यायाधीश होते. चौघांनी एक निकाल दिला, पाचव्याने त्याच्या उलट लिहिलं. हरलेल्या माणसाला नक्कल द्यायची होती. तुम्ही चौघांचं सगळं टाइप केलंत आणि पाचव्याची पानं सोडून दिलीत. आपल्याकडे गावकीत पंच बसतात, शेवटी एकच काय ते ठरतं आणि वेगळं बोललेला माणूस गप्प घरी जातो. त्याचं बोलणं कुणी लिहून ठेवत नाही. तुम्हाला वाटलं, हरलेलं मत कशाला, सरकारी कागद वाया जाईल. अधीक्षक मद्रासकडचे वयस्क गृहस्थ होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी पानं मोजली, चष्मा काढला आणि म्हणाले, “निकाल चौघांचा आहे. कोर्ट पाचांचं आहे.” मग तुम्हाला समोर बसवून ती पानं टाइप करून घेतली. नक्कल न्यायला तो माणूस आला तेव्हा त्याने तुमच्याकडून फक्त पाचव्याचं मत वाचून घेतलं. एकदा झाल्यावर पुन्हा एकदा. बाकीचे कागद त्याने पिशवीत टाकले आणि ती पानं घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. एवढं सांगून तुम्ही मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडायचात. पुढे न्यायालय नव्या इमारतीत गेलं; त्याआधीच वडील वारले म्हणून तुम्ही गावी परतला होतात.

शाळेच्या पडवीत तुम्ही शनिवारी आमचं कोर्ट भरवायचात. एकदा पाण्याचा माठ फुटला. आम्ही पाच पोरं पंच. चौघांनी एका मुलाचं नाव घेतलं, कारण तो तसाही दांडगटच होता. तो माठापाशी नव्हता, हे मला माहीत होतं, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझाही हात वर गेला. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. “हात कुठे गेला ते मी पाहिलं. मन कुठे होतं ते लिही.” हजेरीपटातला एक कोरा कागद फाडून दिलात. मी पायरीवर बसून चार ओळी लिहिल्या. त्या मुलाला आठ दिवस पाणी भरावं लागलंच, तुम्ही निकाल बदलला नाहीत. पण माझा कागद त्याच्या हातात दिलात. त्याने तो माझ्यासमोर वाचला आणि म्हणाला, “मग हात कशाला वर केलास, गाढवा?”

गुरुजी, बुधवारी चौकशीच्या अहवालावर सह्या झाल्या. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. हवेच्या दुसऱ्या तपासणीचा विषय मी बैठकीत एकदा काढला, तर शेजारचा मल्याळी सहकारी हसून म्हणाला, “भाई, तू फिटर है कि वकील?” मीही हसलो. समितीचे अध्यक्ष सौदी इंजिनीअर आहेत, सभ्य माणूस. सह्या घेण्याआधी त्यांनी प्रत्येकाकडे बघून विचारलं, कुणाला काही वेगळं लिहून जोडायचं आहे का, रविवारपर्यंत जोडता येईल. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, पुढच्या महिन्यात नवा व्हायचा आहे. मुलीचं वर्ष महत्त्वाचं आहे. ही कारणं मी आता लिहितोय. तेव्हा ती मनात आली होती असंही नाही. पेन समोर आलं, मी सही केली.

मग हिंदी येतं म्हणून मृताच्या भावाला अहवाल समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. तोही इथेच, पलीकडच्या साइटवर वेल्डर आहे. माझ्याच वयाचा असेल. मी इंग्रजीतलं एकेक वाक्य हिंदीत सांगत होतो आणि तो कागदावर बोट फिरवत होता. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, तरी मी बोलेन तसं बोट पुढे नेत होता. चूक त्याच्या भावाची, हे वाक्य आलं तेव्हाही त्याचं बोट पुढे सरकलं. शेवटी सह्यांवर बोट आलं. एकेक करून त्याने त्या मोजल्या.

“पाँचों यही बोले, साब?”

मी म्हणालो, “हाँ. पाँचों.”

त्याने मान हलवली. मला पाणी हवंय का विचारलं. जवळच कूलर होता. मग कागद नीट घडी घालून मला परत दिला. ती प्रत त्यालाच द्यायची होती. तुम्ही ठेवा, म्हणाला, घरी काय दाखवू.

तेव्हापासून मी कुणावर चिडलेलो नाही, रडलेलो नाही. आज मशिदीत सजद्यात कपाळ टेकलेलं असताना शाळेची पायरी आठवली आणि तिथेच ठरवलं की चार ओळी लिहून अहवालाला जोडायच्या. त्या दोघांनी काय सांगितलं, मला ते का पटलं. त्याने निकाल बदलणार नाही, कदाचित. पण भावाच्या खिशात ठेवायला काहीतरी असेल.

घरी येऊन मुलीकडे वहीतले कागद मागितले, चुकलं तर म्हणून चार घेतले. तिने अभ्यासातून मान वर न करता विचारलं, “अब्बा, व्हॉट फॉर?” मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. टेबलाशी बसलो, वर तारीख घातली, आणि त्याखाली अध्यक्षांचं नाव लिहायचं होतं, तर ‘गुरुजी’ असं लिहिलं गेलं. मग थांबलो नाही. आता पाठपोट भरून हा चौथा कागद संपत आलाय. अस्रची, तिसऱ्या प्रहरची, अजान होतेय. त्या चार ओळींसाठी मुलीकडे आणखी एक कागद मागावा लागेल. अजून मागितलेला नाही.